विहिरीवरचे तीन दिवे

तेव्हा मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होतो. घरात कॉलेजचं तोंड पाहिलेला मी पहिलाच, त्यामुळे वर्गात प्रश्न विचारायलाही बिचकत असे. एकदा सर उपग्रहातल्या सर्किटांविषयी सांगत होते. वर किरणोत्सर्गाचा मारा असतो, त्यानं एखादं सर्किट मध्येच खोटं उत्तर देतं आणि दुरुस्तीला तिथं कुणी जाऊ शकत नाही. म्हणून एकाच कामाला तीन सर्किटं लावतात. दोघांचं जुळेल ते खरं मानायचं.

मला आमच्या गावची, खटकचिंचोळीची विहीर आठवली. उन्हाळ्यात पाणी लवकर तळाला जाई. मोटार कोरडी चालली की जळणार, म्हणून लाईट असेपर्यंत माझे वडील, अप्पा, विहिरीपासून हलत नसत. भाकरीही तिथंच खात. मी धीर करून प्रोजेक्टला हाच विषय मागितला.

मे महिन्यात विहिरीवरच्या पत्र्याच्या शेडमध्ये तीन सर्किटं बसवली, त्यांच्या तारा विहिरीत सोडल्या. पाणी असेल तोवर तिन्ही दिवे लागणार. दोन विझले की मोटार बंद.

"एका कामाला तिघं कामून?" अप्पांनी विचारलं.

"उन्हानं एखादं बिघडलं तर..." मी चाचरत म्हणालो.

धाकटे काका बाजेवरूनच म्हणाले, "आन् मोटार जळली तर तुझं कॉलेज नवी देणार हाय व्हय?"

मी वाकून तारांचे जोड पुन्हा तपासले.

दुपारी पाणी तारांच्या खाली गेलं. एक दिवा विझला, मग दुसरा, आणि मोटार थांबली. तिसरा मात्र जळतच राहिला. त्याचं सर्किट तापल्या पत्र्याला टेकलं होतं. पाणी नसताना ते 'आहे' म्हणत होतं.

"ह्ये तर खोटं बोलायलंय की!" काका हसले.

मी ओशाळलो. हे एकटंच लावलं असतं तर मोटार जळालीच असती. अप्पांनी विहिरीत वाकून पाहिलं. मग म्हणाले, "आमीबी तिघं भाऊ. एक बाजेवर पडलाय म्हणून शेती थांबली का?"

"घ्या! सगळं माझ्यावरच," म्हणत काका उठून बसले.

संध्याकाळी ते सर्किट पत्र्यापासून लांब, लाकडी फळीवर बसवलं. रात्रीतून विहिरीत पाणी झिरपलं. दुसऱ्या दिवशी लाईट आली, अप्पांनी मोटार चालू केली, तिन्ही दिवे पाहिले आणि वहाणा घातल्या.

"चल, घरी जेवू."

वाटेत ते सारखे मागं वळून बघत होते. मीही बघत होतो.

आम्हाला दारात बघून आई दचकली. "मोटार बंद पडली व्हय?"

"न्हाई. चालू हाय," अप्पा म्हणाले आणि हातपाय धुऊन ताटावर बसले.