ओल्या फळ्यावरचं नाव

ओल्या फडक्यानं फळा पुसल्यावर जो वास येतो, तो आला की मला लोहाऱ्याजवळची आमची शाळा आठवते. व्हरांड्यात सुविचाराचा फळा होता आणि सातवीतल्या एकेकाची रोज पाळी असायची. माझा नंबर होता त्या दिवशी सकाळीच गल्लीत टँकर आला आणि पाण्याच्या गडबडीत सुविचार शोधायचा राहूनच गेला. घंटा व्हायला आली तसं मी मनात घोळत होतं तेच खडूनं लिहिलं, 'टँकर आला गल्लीत, घागरी सुटल्या पळत. दुखतंय कुठलं गुडघं, आजीला न्हाय कळत.' सुविचाराखाली नाव लागायचंच, म्हणून भीत भीत 'अज्ञात' लिहून टाकलं. परिपाठाला मराठीच्या बाईंनी ते मोठ्यानं वाचलं आणि अख्खी शाळा खदखदून हसली. त्यांनी पुन्हा वाचलं तशी पोरं तालावर टाळ्या वाजवायला लागली. "कुठल्या पुस्तकातलं गं हे?" बाईंनी विचारलं. "पुस्तकातलं न्हाय बाई," मी पुटपुटले, "म्याच केलंय." बाईंनी ओल्या फडक्यानं तेवढं 'अज्ञात' पुसलं, खडू माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "मग नाव लिही की. पूर्ण लिही." मी पूर्ण नाव लिहिलं. ओल्या फळ्यावर अक्षर आधी दिसेचना. फळा वाळत गेला तसं माझं नाव पांढरंशुभ्र उमटत आलं आणि मी प्रार्थना विसरून तेच बघत राहिले. आता मीही शाळेत बाई आहे, आणि कविता केलेल्या पोराला नाव लिहायला बोलावते तेव्हा फळा मुद्दाम ओला ठेवते.