माझे तीन क्यूब

सरांनी ओळंब्याची दोरी माझ्या बापाच्या गळ्यात अडकवली. लोखंडी लोलक त्याच्या छातीवर लोंबत राहिला.

"बघा रे, हा तरी सरळ उभा आहे का ते मोजा."

पोरं हसली. उद्याचे इंजिनीअर. मी डबा घेऊन लिंबाखाली उभी होते, पाचवीतली.

बापाची चूक एवढीच, की सरांनी आखून दिलेली भिंत एका अंगाला झुकली आहे, हे त्याने पोरांसमोर सांगितलं.

अमरावतीत विद्यापीठाच्या या बांधकाम विभागात माझा बाप गवंडी होता. कागदावर मजूर. प्रत्यक्षात वीट किती भिजवायची, माल कसा कालवायचा, सांध्यावर सांधा का येऊ द्यायचा नाही, हे पहिल्या वर्षाच्या पोरांना तोच शिकवायचा. मागच्या अंगणात पोरं भिंत रचायची. गुण मिळाले की बाप ती फोडायचा, विटा खरवडून साफ करायचा आणि पुढच्या वर्षासाठी रचून ठेवायचा. बावीस वर्षं त्याने भिंती शिकवल्या. त्यातली एकही उभी नाही.

त्या दिवशी घरी जाताना मी विचारलं, "बाबा, तुमी काहून काही बोलले नाही?"

"सायबाले बोलत नसतेत माय. आपन वीट लावाची."

मी ते शिकले. फार नीट शिकले.

पुढे याच विभागात प्रयोगशाळा सहायक म्हणून लागले. माझ्याकडे सगळ्याच्या याद्या असतात. साचे किती, कोणत्या टाकीत कोणाचे क्यूब, ते कोणत्या तारखेला बाहेर काढायचे. साहेब लोक माझ्या वह्यांना हसतात आणि काही हरवलं की माझ्याकडेच येतात.

म्हणूनच विभागाचा इतिहास लिहायचं काम माझ्याकडे आलं. नवं सभागृह तयार होत होतं, उद्घाटनाला स्मरणिका निघणार होती. मी टिनाच्या शेडपासून सुरुवात केली. पहिली तुकडी. दाबयंत्र आलं तेव्हा दार तोडून आत घ्यावं लागलं, ते. मग शिकवणाऱ्यांची यादी. तिच्यात बापाचं पूर्ण नाव, पुढे 'गवंडीकाम'.

विभागप्रमुखांनी लाल पेनाने ती ओळ खोडली.

"शिकवणारे? अहो बाई, हा विभागाचा इतिहास आहे. हजेरीपट नाही."

समोरचे दोन प्राध्यापक गालात हसले. मी कागद उचलला आणि "हो सर" म्हणाले.

मग सभागृहाच्या स्लॅबचे क्यूब फोडायचा दिवस आला.

स्लॅब ओतताना त्यातलंच काँक्रीट लोखंडी साच्यात भरतात. घट्ट झालेले ठोकळे, म्हणजे क्यूब, अठ्ठावीस दिवस पाण्यात ठेवतात आणि मग दाबयंत्रात फोडतात. स्लॅब किती भार सोसेल ते त्यावरून कळतं. आमच्याकडे एक रीत पडली आहे. सगळ्यांना माहीत आहे, लिहीत कोणी नाही. ठेकेदार क्यूबसाठी माल वेगळा कालवतो, सिमेंट सढळ टाकून. अकोल्याच्या ठेकेदाराने असेच तीन आणले होते. कडा सुरीसारख्या. तिन्ही पास.

पण स्लॅबच्या दिवशी मी स्वतः तीन साचे वर नेले होते आणि बायका ओतत होत्या त्याच घमेल्यांतून भरले होते. माझे तिन्ही निम्म्या भारालाच बसले. कडाडून आवाजसुद्धा झाला नाही. ढेकूळ पायाखाली यावं तसे गेले. सहाही आकडे मी रजिस्टरात लिहिले.

मी सभागृहात गेले. टेकू काढलेले होते. स्लॅबच्या मधोमध खालून केसाएवढा तडा. शिडी लावून त्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने खूण केली, तारीख टाकली. आठ दिवसांनी पाहिलं. तडा दोन्हीकडे खुणेच्या पुढे गेला होता.

विभागप्रमुखांनी बोलावलं. दार लावून घेतलं.

"तुमचे क्यूब अधिकृत नाहीत. रजिस्टरचं पान नव्याने लिहा. ठेकेदाराचे तीन ठेवा, खाली सही करा." मग आवाज मऊ झाला. "आणि ते तुमच्या वडिलांचं... टाकू आपण स्मरणिकेत. फोटोसकट. बांधकामाचे पहिले शिक्षक म्हणून."

मी एक दिवस मागितला. मागितला, हे लपवत नाही.

रविवारी भातकुलीला गेले. बाप आता तिथे माझ्या भावाकडे असतो. डोळ्यांत मोतीबिंदू. सगळं सांगितलं. तो बाजेवर उठून बसला.

"फोटो बी छापतो म्हन्ते?"

"हो."

"मंग कर ना सही. तो फेट्यातला फोटो दे, लग्नातला."

"बाबा, त्या स्लॅबखाली पोरं बसतीन."

"तुह्या एका सहीनं काय स्लॅब पडून राहिला?" मग बाजेची सुतळी चाचपत म्हणाला, "चार लोकाइत मान पायजे होता माय. एकदा."

मलाही तेच हवं होतं. पाचवीपासून. आणि तिथेच, बाजेच्या कडेवर बसल्या बसल्या, मला स्वच्छ दिसलं. ज्यांनी खोडलं तेच आज लिहून देत होते, आणि बदल्यात आमची जीभ मागत होते. दुसऱ्यांच्या पोरांच्या डोक्यावर उभा केलेला मान. तो माझ्या बापाचा नव्हता.

सोमवारी साहेबांना सांगितलं, सही करणार नाही, पानही बदलणार नाही.

"शेवटी गवंड्याचीच पोरगी," ते म्हणाले. "स्लॅबमधलं तुम्हाला काय कळतं?"

त्या खोलीत मी आजवर पुस्तकातली भाषा बोलत आले होते. त्या दिवशी घरची आली.

"हो सायेब, गवंड्याचीच हावो. म्हनून तडा दिसते मले."

आकडे विद्यापीठाच्या अभियंत्याकडे पाठवले. कुलसचिवांकडे आणि कलेक्टर कचेरीतही दिले. तिन्हींची पोच माझ्याजवळ आहे. उत्तर एकाचंही नाही. माझी बदली भांडारात झाली आहे. बाप फोनवर येत नाही. सभागृहात खुर्च्या लागल्या आहेत, पाहुण्यांची नावं छापून झाली आहेत. तडा आता तुळईपर्यंत पोचला आहे.

विभागाचा इतिहास मी माझ्या वहीत पुरा केला. त्यात बापाचं नाव आहे. तो सही कर म्हणाला, तेही आहे.

उद्घाटनाच्या सकाळी मी सभागृहाच्या दारात उभी राहणार आहे. येणाऱ्या प्रत्येकाला माझ्या तीन क्यूबांचे आकडे वाचून दाखवणार आहे, पोरांना सगळ्यांत आधी. मग ज्या साहेबांना त्यांना आत न्यायचं असेल, त्यांनी मला सगळ्यांदेखत हाताला धरून बाजूला करावं. मी स्वतःहून हटणार नाही.