टेबलाच्या दोन्ही बाजूंचे बिऊकाका

बिऊकाका आमच्या बूट कारखान्यात कर्मचारी विभागाचे प्रमुख होते. कामगार संघटनेचे अध्यक्षही तेच. व्हिएतनाममधल्या आमच्या बिएन होआ शहरात याचं कुणाला नवल वाटत नाही. पक्ष एक, संघटना एक, मग माणसं तरी दोन कशाला?

संघटनेचं काम ते मनापासून करत. टेटला, म्हणजे नव्या वर्षाच्या सणाला, प्रत्येकाला तेलाची बाटली, महिला दिनाला एकेक गुलाब. कुणाच्या घरी कुणी वारलं, तर पुष्पचक्र घेऊन सगळ्यांच्या आधी हजर. पगाराचा विषय निघाला की मात्र त्यांना कुठल्यातरी लग्नाला जायचं असे.

मी साहित्याची पदवी घेऊन तिथे लागलो होतो. बैठकांचं इतिवृत्त लिहायचं आणि लाउडस्पीकरवरच्या शुभेच्छा रचायच्या. पहिल्याच महिन्यात दिएपची चौकशी झाली. शिलाईतली ही मुलगी. जेवणात आंबलेला मासा आला म्हणून तिने सगळी रांग काम थांबवून फाटकाबाहेर नेली होती. कामावरून काढताना कामगाराच्या बाजूने संघटनेचा माणूस बसायला हवा, असा कायदा. बिऊकाकांनी संचालकांशेजारी बसून आरोप वाचले. मग उठले, टेबलाला वळसा घालून दिएपशेजारी बसले आणि चष्मा पुसत म्हणाले, "संघटनेची हरकत नाही."

दिएपने मान वळवली. "काका, तिकडूनच बोलायचं होतं. उगाच गुडघ्यांना त्रास."

"अगं, पद्धत असते," काका म्हणाले. त्यांना खरंच वाईट वाटलं होतं. संध्याकाळी तिच्या खोलीवर संघटनेतर्फे संत्री गेली.

पुढे नवे संचालक आले. त्यांना काकांच्या जागी आपला भाचा हवा होता. आरोप सापडला: कारखान्याची गाडी पुष्पचक्रं वाहायला वापरली. निवृत्ती जवळ आलेली, घरी काकू अंथरुणाला खिळलेल्या, औषधं सगळी पगारावर. काका आठवडाभर जेवले नाहीत.

पण एक वाट होती. संघटनेच्या अध्यक्षाला काढायचं तर संघटनेची संमती लागते. संघटनेच्या समितीतले बाकीचे सगळे, काका म्हणतील त्याला माना डोलवणारे. मी त्यांना सांगितलं, फक्त 'हरकत आहे' म्हणा, पुढे कुणी काही करू शकत नाही. त्यांनी ते दोन शब्द माझ्यासमोर चार वेळा म्हणून दाखवले. पाचव्यांदा आवाजही चढवला.

चौकशीच्या दिवशी आरोप वाचणं कर्मचारी विभागाचं काम. म्हणून ते काकांनीच वाचले, स्पष्ट आवाजात. एक तारीख चुकली होती, तीही दुरुस्त केली. मग उठले, वळसा घातला, पलीकडे बसले.

"संघटनेचं काय म्हणणं?" संचालकांनी विचारलं.

काकांनी चष्मा पुसला. शेजारच्या खुर्चीकडे पाहिलं. तिथे आरोपी बसायचा. खुर्ची रिकामी होती.

"संघटनेची हरकत नाही," काका म्हणाले.

समितीने माना डोलवल्या. माझं पेन तसंच राहिलं.

बाहेर व्हरांड्यात त्यांनी माझी बाही धरली. चेहरा पांढराफटक. "मी काय म्हणालो रे आत?"

मी सांगितलं.

त्यांनी फाटकाकडे पाहिलं. "विरोधात कुणी बोललं?"

"नाही, काका."

"मग एकमताने झालं, असं लिही," ते म्हणाले.