काच खाली करणारा नेस्तोर

नेस्तोर पहिल्यांदा माझ्या गाडीत बसला तो जानेवारीतला दिवस होता. थंडीनं दात वाजत होते, हीटर नुकता तापायला लागला होता, आणि आमच्या गल्लीत वळताच या गृहस्थानं काच खाली केली. मी ओरडलो, "अरे, मारतोस का काय?" तो शांतपणे म्हणाला, "उलट. जगवतोय."

नेस्तोर एल साल्वादोरचा. बर्मिंगहॅमच्या आमच्या ऑफिसात टेस्टिंगला होता आणि कॉव्हेंट्रीत माझ्या शेजारच्याच रस्त्यावर राहायचा. त्याच्या गावी प्रत्येक वस्ती कुठल्या ना कुठल्या टोळीची. शिरताना काच खाली करून नाक्यावरच्या पोरांना तोंड दाखवायचं, नाहीतर गोळी. "आधी चेहरा, मग नाव, मग काम," हे त्याचं ब्रीद. आमच्या नाक्यावर असून असून कोण? कचऱ्याचा डबा ढकलणारे एक आजोबा. नेस्तोर त्यांनाही अदबीनं चेहरा दाखवायचा. आजोबा बिचारे हात हलवायचे.

उन्हाळ्यात नागपूरहून माझी आई आली. नेस्तोर घरी यायचा तो बेल न वाजवता, भुरभुर पावसात टोपी काढून खिडकीसमोर उभा राहायचा. तिनं पाहिलं, की मग बेल. आत आल्यावर "जय भीम, आई!" मी शिकवलेलं. आई विरघळायची. म्हणायची, "चोर काय असा तोंड दाखवून येते का? चांगल्या घरचं पोरगं दिसते."

त्याच्या देशातलं यादवी युद्ध संपलं तेव्हा नेस्तोर रांगत होता. "युद्ध संपलं, पण बंदुका घरी गेल्या नाहीत," तो म्हणायचा. मग टोळ्या आल्या. आता सरकारनं टोळ्या मोडायचा विडा उचलला होता. अंगावर गोंदण दिसलं की पोलीस आधी आत टाकत, चौकशी मग कधीतरी. आणि नेस्तोरच्या हातावर कोपरापासून मनगटापर्यंत आईचं नाव होतं, मार्ता. त्या म्हातारीची नजर जात चालली होती. 'दिसतंय तोवर ये,' म्हणून तिनं धोशा लावला होता.

"लेसरनं काढून टाक," मी म्हटलं.

"आईचं नाव पुसून आईला भेटायला जाऊ?" तो भडकला.

माझ्या आईनं आपला हात पुढे केला. त्यावर बाबांचं नाव गोंदलेलं आहे. "मी गेली तं मलाही धरतील का?"

मी इंग्रजीत सांगितल्यावर नेस्तोरनं गंभीरपणे विचार केला. "वय बघून सोडतील. कदाचित."

शेवटी निकाल मार्तानंच दिला, आमच्या स्वयंपाकघरात, फोनवर. नेस्तोरनं भाषांतर करून सांगितलं, "म्हणते, पूस की मेल्या! माझं नाव मला तोंडपाठ आहे." आम्ही पोट धरून हसलो. तोही हसला आणि मग रडला.

लेसरला अख्खा हिवाळा गेला. मग त्यानं नोकरी सोडली आणि आईकडे परत गेला. तिकडच्या विमानतळावर बाह्या वर करायला लावल्या, फिकट डाग पाहिले आणि सोडलं.

परवा त्याचा निरोप आला. "गल्ली शांत आहे. पूर्वी आम्ही दिवसाढवळ्या कडी लावायचो, आता आई अंधार पडला तरी दारात खुर्ची टाकून बसते. सरकारवर खूश आहे. समोरच्या बाईचा मुलगा पोलिसांनी नेलाय. ती दर रविवारी त्याचे शर्ट धुऊन वाळत घालते. त्यानं काय केलं होतं, हे इथे कुणी मोठ्यानं विचारत नाही. फक्त माझी आई विचारते. नाक्यावरच्या पोलिसाला. रोज."