शुद्ध उच्चाराचं गिऱ्हाईक

धुळ्यात जुन्या ट्रॅक्टरांचा धंदा करताना मी एक नियम पाळतो. माल बघायला गेलो की आधी बॉनेटवर तळहात ठेवायचा. गरम लागलं तर सरळ सांगायचं, "भाऊ, मी चहा पिऊन दोन तासांनी येतो." गिऱ्हाईक यायच्या आत विकणारा इंजिन चालवून ठेवतो, कारण थंड इंजिन खरं बोलतं. पहिल्या सेल्फला ते किती खोकतं, किती धडपडतं, ते डोळे मिटून ऐकायचं आणि मग भाव पाडायचा. माझ्या कानाला आजवर कोणी फसवलेलं नाही, असं मी चारचौघांत सांगायचो. आता सांगत नाही.

गेल्या वर्षी माझ्या बायकोला लकवा झाला. उजवा हात गेला, ओठांचा उजवा कोपरा खाली ओघळला. हात महिन्याभरात बराच परत आला. बोलणं आलं नाही. सरकारी दवाखान्यात बोलणं शिकवणारी एक मुलगी आहे, आमच्या सुनेच्या वयाची. पहिल्याच दिवशी ती म्हणाली, "काका, काकूंना सगळं कळतं, वाचताही येतं. शब्द आत शाबूत आहेत. जीभ आणि ओठ ऐकत नाहीत. त्यांना पुन्हा कामाला लावायचंय."

तिची हत्यारं दोन. एक हातातला आरसा आणि दुसरी जुन्या वर्तमानपत्राची बोटभर रुंद पट्टी. पट्टी ओठांपुढे धरायची. प म्हटलं की ती जरा थरथरते; फ, ठ, ख असं श्वास सोडणारं अक्षर म्हटलं की उडते. बायको आरशात बघून प, फ, ब, भ करायची. तोंडाच्या कोपऱ्यातून लाळ गळायची, ती मुलगी काही न बोलता पुसायची आणि म्हणायची, "छान. आता म. तोंड बंद, आवाज नाकातून."

मी बाजूच्या स्टुलावर बसून ऐकत होतो. शाळेत सगळ्यांनी घोकलेली बाराखडीच ती, पण मला पहिल्यांदा दिसली. क घशाजवळ. च टाळूला. ट जिभेचा शेंडा वर वळवून. त दातांशी. प ओठांवर. आतून बाहेर, एकेक पायरी. आणि प्रत्येक पायरीवर पुन्हा तोच क्रम: आधी साधा आवाज, मग तोच श्वास सोडून, मग घुमवून, मग घुमवून श्वासासकट, शेवटी नाकातून. मी ट्रॅक्टरचे गिअरबॉक्स उघडून बसलेला माणूस. इतकी चोख जुळणी मी लोखंडात पाहिलेली नाही.

"कोणी केली ही मांडणी?" मी विचारलं.

"फार जुनी आहे काका. संस्कृतवाल्यांनी केली. आपलं तोंडच आधी नीट बघितलं त्यांनी."

तिने सहज सांगितलं, पण संस्कृत हा शब्द ऐकला की मला आजही शाळेतला एक तास आठवतो.

आठवीत संस्कृत घ्यायचं की हिंदी, हे विचारत. मला घ्यायचं होतं. सकाळी वर्गाबाहेरून जाताना आतली पाठांतरं ऐकली की अंगावर काटा यायचा. अर्थ ठाऊक नसताना यायचा, म्हणून तर ते मला खरं वाटायचं. पहिल्या तासाला गुरुजींनी उभं करून वेदातली एक ओळ म्हणायला लावली. आमच्या घरात अहिराणी. आम्ही सगळ्याला बठ्ठं आणि आहेला शे म्हणणारे, डोळ्याला डोया, शाळेला शाया म्हणणारे. ओळीत ळ आला आणि माझ्या जिभेने सवयीने त्याचा य केला. वर्ग हसला. गुरुजी हसले नाहीत, त्यांनी नाक मुरडलं. "तू हिंदीकडे बस. ही भाषा शेणाच्या हाताने धरायची नसते." मी दप्तर उचललं. त्या वर्गातल्या हुशारांपैकी दोघांना मी पुढे ट्रॅक्टर विकले आणि भाव करताना एक पैसा सोडला नाही. पण ती ओळ काही माझ्या हाताला लागली नाही.

म्हणून तो कागद आला तेव्हा मी फसलो. मंगल कार्यालयात संस्कृत नादाची शिबिरं घेणाऱ्या एका शास्त्रीबुवांचा तो कागद होता. संस्कृतचा प्रत्येक वर्ण शरीरातलं एकेक केंद्र जागं करतो, मेंदूचे विकार जातात, गेलेली वाचा परत येते, असं त्यावर छापलेलं. मी ऐकायला गेलो. हजारभर माणसांच्या हॉलमध्ये त्यांनी माईक बाजूला ठेवून ॐ लावला. खिडक्यांची तावदानं घुमली. माझ्या अंगावर चाळीस वर्षांपूर्वीचा तोच काटा उभा राहिला. त्या आवाजाला मी नाव ठेवत नाही, आजही नाही. पण तो आवाज चालवून गरम केलेला होता आणि मी बॉनेटवर हात ठेवला नाही.

ते घरी यायला तयार झाले. दक्षिणा त्यांनी सांगितली ती मी दिली. टायरच्या एका ट्यूबसाठी तासभर हुज्जत घालणारा मी, तोंडातून शब्द काढला नाही. दवाखाना बंद करायची त्यांची अट होती. "तिथे तुम्हाला प आणि फ शिकवतात. आम्ही ब्रह्म शिकवतो." हे वाक्य मला त्या वेळी फार आवडलं. दवाखान्यातल्या मुलीला मी फोनसुद्धा केला नाही.

पहिल्या दिवशी शास्त्रीबुवा आले, खुर्चीवर स्वतःचा पंचा अंथरला आणि मग टेकले. घरात अत्तराचा वास भरला. त्यांनी मंत्राचा पहिला शब्द म्हटला. बायकोने ओठ हलवले, आवाज फुटला, सोबत लाळ आली. शास्त्रीबुवांनी मान भिंतीकडे वळवली. "आधी मुखशुद्धी," ते भिंतीला म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून ते यायच्या आधी मी तिचं तोंड घासून पुसायला लागलो. घाईने, जरा जोरात. गळकं इंजिन दाखवायच्या आधी ऑइल पुसतात तसं. ते आठवलं की मला त्यांच्यापेक्षा माझी शिसारी येते.

तिसऱ्या आठवड्यात त्यांनी सांगितलं, "उच्चार अशुद्ध झाला तर मंत्र उलटतो, माउली. म्हणणाऱ्यावर आणि घरावर." आणि माझ्याकडे बघून, "यांची बोली जिभेवर फार मुरलेली आहे. आधी ती खरवडावी लागेल." मी मान डोलावली. आठवीतल्या गुरुजींना देता आलं नाही ते उत्तर आता द्यायला हवं होतं, आणि मी मान डोलावली!

त्या दिवसापासून बायकोने तोंड उघडणं सोडलं. दवाखान्यात आलेला प गेला, म गेला. पाणी हवं असलं तर ती तांब्याकडे बोट करायची. घरावर काही उलटू नये म्हणून गप्प बसली होती ती. हे मला पाचव्या आठवड्यात कळलं. नातवाला ताप आला तेव्हा तिने माझा हात धरून स्वतःच्या ओठांवर ठेवला आणि मान हलवत रडली. मी मंत्र म्हटलाच नाही, हा ताप माझ्यामुळे नाही, असं ती सांगत होती.

दुसऱ्या दिवशी शास्त्रीबुवा आले ते मी त्यांना दारातच धरलं.

"बसू नका. पंचा काखेतच ठेवा."

"काय झालं, शेठ?"

"माझी बायको बोलत होती. तुम्ही तिला मुकी केली."

"साधनेत असा मौनाचा टप्पा येतो."

"टप्पा? शास्त्रीबुवा, मी तुटलेल्या क्रँकचे ट्रॅक्टर पाहिलेत, पण विकणारा त्याला टप्पा म्हणाला नाही कधी."

"शब्द जपून वापरा. हे घर आधीच अशुद्ध—"

"घर? माझ्या घराचं नाव काढलं तर पायऱ्या मोजत खाली पाठवीन!"

त्यांचाही आवाज चढला. हॉलमधला तोच आवाज, तावदानं घुमवणारा. मग माझाही चढला. शेजारच्या आबांनी खिडकी उघडली. आणि आमच्या मागून, पलंगावरून, एक घोगरा, ओला, वाकडा आवाज आला.

"चूप!"

आम्ही दोघांनी मागे वळून पाहिलं. बायको उठून बसली होती. हनुवटीवर लाळ, डोळे लाल. पाच आठवड्यांतला तिचा पहिला धड शब्द.

शास्त्रीबुवा आधी सावरले. त्यांनी दोन्ही हात वर केले. "पाहिलंत? मंत्र फळाला आला."

मी त्यांना मारलं नाही. अजून वाईट वाटतं.

दवाखान्यातली ती मुलगी रागावेल, असं धरून मी गेलो होतो. तिने विचारलं, "किती दिवस बंद होतं?" मी सांगितलं. तिने कागदावर लिहून घेतलं, कपाटातून आरसा काढला आणि बायकोला म्हणाली, "चला काकू, प." एवढंच. मला कोणी तोंडावर शिव्या घातल्या तर मी दुप्पट घालतो. या पोरीला काय द्यायचं ते मला कळेना. मी स्टूल पुढे ओढलं आणि पट्टी हातात घेतली.

सहा महिने झाले. रोज सकाळी आम्ही ओसरीवर बसतो, ती आरसा धरते, मी पट्टी. आतून बाहेर, क पासून म पर्यंत. त्या क्रमात काहीतरी आहे, हे मी आता हात लावून सांगू शकतो. ज्यांनी तो शोधला त्यांना माणसाच्या तोंडाची, थुंकीची, जिभेची किळस आलेली नसणार. किळस असणाऱ्याला हे सापडणार नाही.

परवा साक्रीचा बाजार करून परतताना एसटी स्टँडवर चहाला थांबलो, तर समोरच्या भिंतीवर शास्त्रीबुवांच्या नव्या शिबिराचा कागद. त्यात एक मजकूर जाड अक्षरात. लकव्याने मूक झालेल्या धुळ्याच्या एका माउलीची वाचा मंत्रबळाने परत आली, पहिला उच्चार आमच्या उपस्थितीत झाला. मी तो कागद नखांनी खरवडून काढला. चहावाला बघत राहिला. घरी जाऊन मी आधी वकिलाला, मग शास्त्रीबुवांना फोन करायचा ठरवलं होतं. चपला काढतानाच ओरडायला सुरुवात केली.

बायकोने हात पुढे केला. कागद मागितला.

चुरगळलेला कागद तिने मांडीवर सपाट केला. "पट्टी," ती मला म्हणाली. मी समोर बसलो, पट्टी धरली. तिने तो मजकूर वाचायला घेतला. एकेक अक्षर, मध्ये श्वास घेत, जिथे अडली तिथे पुन्हा मागून. आपल्याच नावावर खपवलेलं खोटं ती पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचत होती, आणि मी पट्टी धरून ते ऐकत होतो. फोन खिशात तसाच राहिला. संपायला अर्धा तास लागला.

तिने कागद उलटा करून ठेवला. पदराने स्वतःच हनुवटी पुसली. माझ्याकडे बघितलं.

"बठ्ठं खोटं शे," ती म्हणाली.

पट्टी दोनदा उडाली.