व्हॉल्व्हमधला जांभळा उजेड

देश स्वतंत्र होऊन सात-आठ वर्षं झाली असतील. नागपुरात, इतवारीत, माझ्या एका मित्राचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. मी तिथे बसलो असताना एका दुपारी विणकरांच्या वस्तीतली एक म्हातारी लुगड्यात गुंडाळलेला रेडिओ घेऊन आली. तापात आपले कान गेले, हे तिने आल्या आल्याच सांगून टाकलं.

मित्राने मागचं झाकण काढून रेडिओ लावला. आवाज फाटत होता. आत काचेच्या बल्बांसारखे व्हॉल्व्ह होते; त्यातल्या एकाच्या काचेत जांभळा उजेड गाण्याबरोबर कमीजास्त होत होता.

"इलेक्ट्रॉनच्या माऱ्यानं प्लेटीतून वायूचे कण सुटून राहिले, तेच चमकतात," मित्र मला म्हणाला. "व्हॉल्व्ह कामातून गेला."

त्याने म्हातारीला खुणेने सांगितलं, की हा बदलावा लागेल. ती एकदम पुढे झाली.

"थांब गा. घरी मले मागच्या भोकातून हेच दिसते. हे नाचलं का मले समजते, गाणं चालू हाय."

मित्राने हात मागे घेतला. हनुवटीखाली पदर धरून ती वाकली आणि गाणं संपेपर्यंत त्या उजेडाकडे पाहत राहिली. मग सरळ झाली.

"बदल. बुढा खाटेवर पडून ऐकते. त्याले फाटकं गाणं काहून ऐकवू?"

नवा व्हॉल्व्ह लावला. तो तापल्यावर आवाज स्वच्छ आला. काचेत जांभळं काहीच नव्हतं. तिने आत पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे.

"वाजते ना?"

मी मान हलवली. तेवढ्यावर विश्वास ठेवून ती रेडिओ घेऊन गेली.