पाठ लागली नाही

माझ्या मित्राची मुष्टियुद्धाची गोष्ट मुंबईच्या मासिकात छापून आली त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. घरात विचारलं, बरं वाटत नाही का? मी म्हटलं, पित्त झालंय. ते तसं खोटंही नव्हतं.

मित्र म्हणायचं ते एका आळीत वाढलो आणि एका बाकावर बसलो म्हणून. पुढे तो रत्नागिरीतच शाळामास्तर झाला आणि मी कोर्टात नकला उतरवायच्या कामावर लागलो. लिहायचा नाद दोघांनाही होता. मी चार गोष्टी लिहून तीन फाडायचो आणि चौथी ट्रंकेत ठेवायचो. तो एकच लिहायचा आणि ती छापून यायची. त्याचं अक्षर म्हणजे कोंबडीने उकिरडा उकरावा तसलं, आणि माझ्या अक्षराची मोठे साहेबसुद्धा तारीफ करत. पण संपादकांना अक्षराशी काय घेणं! तीस सालानंतर तर त्याचं नाव इतकं छापून येऊ लागलं की पोस्टमन मलाच थांबवून विचारायचा, तुमच्या दोस्ताचं या महिन्यात कशात आलंय?

ही गोष्ट मात्र मला वेगळी लागली, कारण ती मुळात माझी होती. ती झुंज मी चार हातांवरून पाहिली होती. तो तिथे असून नसल्यासारखा होता.

झालं असं. त्या शिमग्याला मिरकरवाड्याचा एक खलाशी दोन वर्षांनी बोटीवरून घरी आला होता. अंगाने सडपातळ, बोलायला मऊ. बोटीवरच्या गोऱ्यांकडून तो बॉक्सिंग शिकला होता आणि त्या खेळाचे चामड्याचे जाडजूड हातमोजे गळ्यात अडकवून गावात फिरत होता. देवळामागच्या आमच्या तालमीत एका सकाळी तो सहज डोकावला. आमच्यातल्या कुणीतरी खोड काढली, गुद्दे मारायला कसली आलीय तालीम, ते तर माझी आत्याही मारते. सगळे हसले. तोही हसला आणि म्हणाला, "मंग या की कोन ते."

आमच्याकडून दादा उभा राहिला. दादा म्हणजे भाट्याच्या खाडीकाठी होड्या बांधणारा सुतार, माझ्याहून पाचसहा वर्षांनी मोठा आणि तालमीतला सगळ्यांत दणकट गडी. आसपासच्या जत्रांत त्याची पाठ कुणी लावली नव्हती. मला अंगाला माती लावायची पहिली हौस त्याच्याकडे बघून झाली. माझी कुस्ती कधी धड झाली नाही, पण त्याने मला कधी चिडवलं नाही.

ठरलं ते असं, की ज्याला जे येतं ते त्याने करावं. खलाशाने मोजे घालून मारावं, दादाने उघड्या हातांनी धरावं. निकालाला तीन पंच बसवले. दोन म्हातारे वस्ताद आणि तिसरा मी, लिहिणारा वाचणारा म्हणून. सुरुवात करण्याआधी खलाशी आम्हाला म्हणाला, "पडला तर मी धा आकडे मोजनार. न्हाय उठला तर संपला." आम्ही मान हलवली, पण त्याचं ते मोजणं कुणी मनावर घेतलं नाही. हार म्हणजे पाठ मातीला लागणं, यापलीकडे हार असते हे आमच्या गावात कुणाच्या डोक्यात आलंच नसतं.

पालखी देवळात जाऊन बसल्यावर, टळटळीत उन्हात देवळासमोरच्या मैदानात गर्दी जमली. मुंबईचे चाकरमानी नव्या टोप्या घालून पुढे. माझा मित्र आंब्याखाली मागच्या बाजूला. त्याला लहानपणापासून रक्त बघवत नाही. शाळेत माझं नाक फुटलं तेव्हा चक्कर त्याला आली होती.

मी मात्र सगळं टिपून घ्यायला बसलो होतो. खिशात पेन्सिल आणि कोर्टातल्या रद्दी कागदांची घडी होती. आदल्या रात्रीच सुरुवातीच्या दोन ओळी लिहून ठेवल्या होत्या. मनाशी ठरवलं होतं की ही झुंज मी लिहिणार, तीही अशी की मुंबईचा संपादक उठून बसेल आणि पोस्टमन माझ्या दोस्ताला माझ्याबद्दल विचारेल.

दादाने शड्डू ठोकला, दोनदा गोल फिरला आणि पट काढायला वाकला. पायाला धरायचं तर माणसाला तोंड खाली घालावंच लागतं. खलाशाची मूठ खालूनच वर आली. परसात नारळ पडला की येतो तसा एक आवाज झाला, बस. दादा गुडघ्यांवर आला आणि पालथा पडला. पान लावून तोंडात घालायलासुद्धा याहून जास्त वेळ लागतो.

खलाशी मागे सरला आणि बोटं वर करून मोजू लागला. दादाच्या उजव्या हाताची बोटं मातीत चाचपडत होती, काहीतरी सांडलेलं वेचत असल्यासारखी. दहा झाले तेव्हा तो नुकता कोपरावर उठत होता. खलाशी दाताने मोज्याची नाडी सोडायला लागला.

दोघे म्हातारे माझ्याकडे वळले. एक हळूच म्हणाला, "सोडवूया रे पोराला. लागलाय त्याला." दुसऱ्याने, पांढऱ्या मिशांच्या वस्तादांनी, मला विचारलं, "तू काय म्हनतोस?"

मी म्हटलं, "पाठ लागलेली नाही. नियम तो नियम."

आणि तेव्हा माझ्या मनात नियम नव्हता. माझ्या मनात आलं ते असं होतं, की इतक्यात संपली तर मी लिहू काय? एक वाकणं, एक ठोसा आणि एक पडणं. अर्धं पानसुद्धा भरलं नसतं.

वस्तादांनी हात वर करून सांगितलं, "पाठ लागली नाय! चालू!" लोकांनी आरोळी दिली. आम्ही तिघे काय कुजबुजलो ते कुणाला ऐकू गेलं नव्हतं. खलाशी आमच्यापुढे येऊन उभा राहिला. "पडलेल्याला परत मारू?" असं तो इतक्या साधेपणाने म्हणाला की मी खाली कागदाकडे बघू लागलो. तोवर दादा उठला होता आणि हेलपाटत पुन्हा त्याच्या अंगावर चालून आला होता. खलाशाने दोनदा चुकवलं. तिसऱ्यांदा दादाने त्याची कंबर धरली, तेव्हा त्याने मारलं. मोज्याच्या आतलं भरण बसून बसून दगड झालं होतं. तो ठोसा डाव्या डोळ्यावर बसला.

दादा पुन्हा पालथाच पडला. खलाशी त्याच्याजवळ गुडघ्यांवर बसला, आजारी माणसाला कुशीवर वळवावं तसं त्याला दोन्ही हातांनी सावकाश उताणं केलं आणि आमच्याकडे बघून म्हणाला, "आता लागली पाठ?"

डॉक्टरांनी महिनाभर औषध घातलं. सूज गेली, पण डाव्या डोळ्याची नजर परत आली नाही.

त्या संध्याकाळी घरी जाताना मित्र मला वाटेत भेटला. चेहरा पांढराफटक. दादा पहिल्यांदा पडला तेव्हाच तो आंब्यामागे जाऊन ओकला होता आणि पुढचं त्याने काही पाहिलं नव्हतं. "काय झालं रे, सांग ना," म्हणाला. आणि मी मूर्खाने सांगितलं. सांगताना मला चढत गेलं. नारळाचा आवाज सांगितला, मातीत चाचपडणारी बोटं सांगितली. दोन गोष्टी फक्त गाळल्या. पंचांनी चालू म्हटलं, एवढंच म्हणालो. आणि खलाशाने शेवटी काय केलं तेही गिळलं.

त्यानंतर मी सात महिने ती झुंज लिहीत होतो. अकरा पानं झाली. दर खेपेस त्या तीन पंचांपर्यंत पोचायचो आणि पेन्सिलीला टोक करायला उठायचो. तेवढ्यात त्याची आलीसुद्धा.

मी ती वाचली ती चुका काढायलाच. आणि चुका ढिगाने होत्या! खलाशाला त्याने लालबुंद डोळ्यांचा राक्षस केला होता. मुठी वज्राच्या, रक्ताच्या चिळकांड्या, ठोशांचा गडगडाट. झुंज म्हणे सूर्य कलेपर्यंत चालली. दादा तीनदा पडून तीनदा उठतो, आणि पांढऱ्या मिशांचे एक पंच कडाडतात, "ऊठ गड्या, पाठ लागली नाही!" ज्याने आयुष्यात चिमटासुद्धा खाल्ला नाही तोच असं लिहू शकतो. मला वाटतं, मार न खाल्लेल्या लेखकांना मारामारी फार आवडते. त्यांच्या गोष्टीतला माणूस पडतो तोही छातीवर हात ठेवून, वळणदार वाक्य बोलून. खरा माणूस पडतो तेव्हा त्याचं धोतर सुटतं.

हे सगळं मी स्वतःला सांगत होतो आणि तरी पानं उलटत होतो, कारण गोष्ट सोडवत नव्हती. मग ती बोटं आली. माझी बोटं, मातीत वेचणारी. त्याने एका छोट्या वाक्यात ती घातली होती, कुठे विशेषण नाही, काही नाही. ते मी पाहिलं होतं, मीच सांगितलं होतं, आणि इतकं चांगलं मला सात महिन्यांत लिहिता आलं नव्हतं. मासिक भिंतीवर फेकून मारलं. मग उचलून पान सरळ केलं, कारण ते वाचनालयाचं होतं.

पुढच्याच रविवारी दादाचा निरोप आला, येऊन जा. मी खाडीवर गेलो. एक होडी उपडी घातलेली होती आणि तो फळी डोळ्यापुढे धरून तिचा बाक बघत होता. "बघ," मला म्हणाला, "आता डोळा मिटाय नको. तेवढं काम वाचला." असं तो सगळ्यांना सांगून हसायचा. पण त्याच्या डाव्या हाताच्या अंगठ्यावर चिंधी होती. लाकूड तासताना वाकस पूर्वी केसभर चुकत नसे, आता अधूनमधून बोटावर येई.

फडक्यात गुंडाळलेलं मासिक त्याने पेटीतून काढलं. मित्राने स्वतः आणून दिलं होतं, पण वाचून दाखवायला थांबला नव्हता. दादाला वाचता येत नसे. "त्या मास्तरानं माजी झुंज लिवलान म्हनतात," तो म्हणाला. "तूच वाच. तू व्हतास तितं."

तेव्हा बसलो भुशावर, आणि दुसऱ्याची गोष्ट मोठ्याने वाचू लागलो. सुरुवातीला मुद्दाम सपाट वाचत होतो, कोर्टात दस्त वाचतात तसं. पण दादा रंधा खाली ठेवून ऐकत होता. वज्राच्या मुठी आल्या तेव्हा "वा!" म्हणाला. मला वाटलं होतं तो म्हणेल, ह्या थापा रे कसल्या! तो तर पुढे सरकून बसला. मातीतल्या बोटांच्या वाक्याला त्याने आपल्या उजव्या हाताकडे बघितलं. मला त्या क्षणी माझ्या मित्राचा इतका राग आला की जीभ अडखळली.

पंचांशी आलो तेव्हा त्याने मला थांबवलं. "परत वाच ता."

मी परत वाचलं.

"लय उपकार हायत त्या वस्तादाचे माज्यावर," दादा म्हणाला. वस्ताद श्रावणातच वारले होते. "तवाच सोडवलान असता तर लोक काय म्हनले असते? सुतार एका गुद्द्यात झोपला. त्यानं उठवलान म्हनून तर मास्तरानं लिवलान. डोळा काय, म्हातारपनी गेलाच असता."

मी गप्प बसायला हवं होतं. सात महिने गप्प बसलोच होतो. पण गोष्ट माझी, ती नेली मित्राने, आणि आता उपकार होते ते वस्तादांचे. यात माझं म्हणून काहीच उरलं नाही, हे मला सोसलं नाही. पश्चात्तापाने बोललो असतो तर आज सांगायला बरं वाटलं असतं.

"वस्ताद नव्हे," मी म्हटलं. "दोघे म्हातारे सोडवायलाच निघाले होते. पाठ लागली नाही असं मी म्हटलं. माझ्यामुळे चालू झाली."

दादाने चांगला डोळा माझ्यावर लावला, मघाशी फळीवर लावला होता तसा. "तू? का रे?"

"मला लिहायची होती. एका ठोशात संपली असती तर लिहायला काही उरलं नसतं."

तो रागावला असता तर मी ते घेतलं असतं. खरं तर मी रागाचीच वाट बघत होतो. त्याने अंगठ्यावरची चिंधी जरा घट्ट केली. मग खरोखरच कळत नाही म्हणून विचारावं तसं त्याने विचारलं, "मंग लिवलंस का नाय?"

त्याने माझ्या मांडीवरचं मासिक उचललं, वरचा भुसा झटकला आणि पुन्हा फडक्यात गुंडाळून पेटीत ठेवलं.